पॅरिसचा हिशेब अजून बाकी आहे: फिफाला खुले पत्र

प्रति,
मा. श्री. जियानी इन्फान्तिनो,
अध्यक्ष, फिफा, झुरिच

प्रत माहितीसाठी: फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड, डब्लिन

विषय: १८ नोव्हेंबर २००९ चा फ्रान्स-आयर्लंड पात्रता सामना आणि त्यानंतरचा व्यवहार

महोदय,
स. न. वि. वि.

जून २०१५ मध्ये तुमच्या संस्थेने एक छोटंसं निवेदन काढलं होतं. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला फिफाने स्टेडियमसाठी कर्ज दिलं, फिफाविरुद्धचे दावे मिटावेत म्हणून तसा करार केला आणि २०१४ च्या अखेरीस ते कर्ज माफ केलं, असा त्याचा मजकूर. फिफाच्या लेखी विषय तिथे संपला. त्यानंतर अध्यक्ष बदलले, नियम बदलले, मैदानाच्या कडेला रेफ्रीसाठी पडदे लागले. पण ज्या सामन्यात हाताने खेळलेल्या चेंडूवरच्या गोलाने फ्रान्स विश्वचषकाला गेला आणि आयर्लंड घरी राहिला, ज्यापायी हे पैसे मोजावे लागले, त्याबद्दल झुरिचहून एक सरळ वाक्य अजून आलेलं नाही. ते मागण्यासाठी हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण रागावून लिहायचं तर मला दुसरी भाषा पुरत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता डब्लिनकर. फुटबॉलपायी डोकं फिरवून घेणं मी इथे येऊन शिकलो नाही, हे त्यावरून लक्षात यावं. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर काय होतं, ते कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. पंचाचा एक ऑफसाइड चुकला तर पेठेत आठ दिवस दुसरा विषय नसतो. विश्वचषक आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि सख्ख्या भावांचं पटेनासं होतं. पण ते झेंडे शेवटी परक्यांचे. आपण ज्या देशात राहतो तो विश्वचषकाच्या उंबऱ्यावर उभा आहे आणि आपण जीव मुठीत धरून बसलोय, हा अनुभव भारतात राहून कुठला मिळायला? (१९५० ला भारत पात्र ठरला होता, हे खरं. तेही बाकीच्या संघांनी माघार घेतली म्हणून, आणि वर आपण गेलोच नाही.) तो अनुभव मला आयर्लंडने दिला, आणि त्याचा शेवट कसा झाला ते तुम्हाला ठाऊक आहे.

इथल्या जुन्या प्रेक्षकांना पात्रता सामने कसे पाठ असतात, ते एकदा पबात बसून ऐका. आमच्या कंपूत एक निवृत्त बसचालक आहेत. दुसऱ्या पाइंटला त्यांचा १९८१ चा ब्रुसेल्स निघतो. बेल्जियमविरुद्ध फ्रँक स्टेपलटनचा गोल पंचांनी नाकारला, का नाकारला ते आजतागायत कुणाला उमगलेलं नाही, आणि शेवटच्या काही मिनिटांत यान क्यूलेमन्सने डोक्याने गोल करून सामना नेला. त्या गटातून १९८२ च्या विश्वचषकाला बेल्जियम आणि फ्रान्स गेले. आयर्लंडचे गुण फ्रान्सइतकेच होते, गोलफरकात मागे पडले. तेव्हा फ्रान्सशी जुनं देणंघेणं आहे, हेही नोंदवून ठेवतो.

मग बेलफास्ट निघतं. १७ नोव्हेंबर १९९३, विंडसर पार्क. त्याआधीच्या महिन्यात उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारात बेलफास्टच्या शँकिल रोडवर बॉम्ब फुटला होता आणि आठवड्याभरात ग्रेस्टीलच्या पबात गोळीबार झाला होता. अशा दिवसांत डब्लिनचा संघ बेलफास्टला खेळायला गेला. जिमी क्विनने उत्तर आयर्लंडला पुढे नेलं, थोड्याच मिनिटांनी ॲलन मॅकलॉक्लिनने बरोबरी साधली आणि सामना १-१ सुटला. पण शिट्टी वाजली तरी निकाल कुठे लागला होता? तो सेव्हिलमध्ये लागायचा होता. तिथे स्पेनचा गोलरक्षक सुरुवातीलाच बाहेर काढला गेला होता, दहा जणांनिशी स्पेनने डेन्मार्कला १-० हरवलं, तेव्हा कुठे आयर्लंड १९९४ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेला जाणार हे ठरलं. डेन्मार्कशी गुण सारखे, गोलफरकही सारखा, फक्त आयर्लंडने गोल जास्त केलेले. हे सांगताना बसचालक अजूनही टेबलाची कड घट्ट धरतात. पण त्या आठवणीत कडवटपणा औषधालाही नाही. डेन्मार्कवाल्यांनाही नसावा, नियम आधीपासून छापलेला होता.

२००९ चा विषय काढला की आवाजच बदलतो.

इटलीच्या गटात आयर्लंड दुसरा आला होता, दहापैकी एकही सामना न गमावता. मग फ्रान्सशी दोन सामन्यांची गाठ. डब्लिनच्या क्रोक पार्कवरच्या पहिल्या सामन्यात फ्रान्सच्या अनेल्काचा फटका आमच्या शॉन सेंट लेजरला लागून आत गेला आणि फ्रान्स १-० ने जिंकला. चार दिवसांनी पॅरिसमध्ये आयर्लंड असा खेळला की आम्ही पबात एकमेकांकडे बघत राहिलो. किल्बेनचा पास, डफने मागे सोडलेला चेंडू आणि रॉबी कीनचा गोल. प्रशिक्षक त्रापाटोनींसारख्या जपून चालणाऱ्या माणसाचा संघ स्टाद द फ्रान्सवर यजमानांना पळवत होता. जादा वेळ सुरू झाला. १०३ वं मिनिट. मालुदाची लांबून आलेली फ्री किक. चेंडू रेषेबाहेर चालला आहे असं वाटत असताना थिएरी हेन्रीने तो डाव्या हाताने अडवला, पुन्हा हातानेच सावरला आणि पायाने गोलासमोर ढकलला. विल्यम गालासने डोकं लावलं.

आमचा गोलरक्षक शे गिव्हन रेफ्रीच्या मागे धावत सुटला तेव्हा आम्हाला वाटलं, ऑफसाइड मागतोय. मग रिप्ले आला. दुसऱ्या रिप्लेला माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने ग्लास खाली ठेवला आणि स्वतःचा डावा तळवा डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा करून पाहिला. एका हाताला चेंडू दोनदा कसा लागेल, याचा हिशेब तो करत असावा. तिसऱ्या रिप्लेनंतर त्याने पैसे ठेवले आणि सामना संपायच्या आत निघून गेला.

त्या वर्षी या देशात बँका बुडाल्या होत्या, बांधकामं थांबली होती, दर घरामागे कुणाचं तरी काम गेलेलं होतं. सामन्याच्या पुढच्या दोन दिवसांत कॉर्क शहर पुराच्या पाण्यात गेलं. तरी दुकानात, बसमध्ये, दाताच्या दवाखान्यात विषय एकच. पंतप्रधान ब्रायन काउन ब्रुसेल्सच्या बैठकीत फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझींशी यावर बोलले. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला वाटलं नाही.

आता आमच्या बाजूचंही सांगतो, म्हणजे तुम्हाला सांगावं लागणार नाही. तो गोल नाकारला असता तरी आयर्लंड जिंकलाच असता असं नाही. एकत्रित १-१ होतं, पेनल्टी शूटआऊट झालं असतं आणि त्यात काहीही झालं असतं. डफ आणि कीन यांनी समोर आलेल्या संधी घालवल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉर्जियाविरुद्ध क्रोक पार्कवर आम्हाला मिळालेली पेनल्टी फुकटची होती, आणि ती आम्ही मुकाट्याने घेतली. आयर्लंडचा माजी कर्णधार रॉय कीनने पॅरिसनंतर नेमकं हेच सुनावलं होतं, की रडगाणं बंद करा आणि तो चेंडू तुमच्या बचावाने का काढला नाही ते आधी सांगा. त्याच्यावर लोक चिडले; मला त्याचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. रेफ्री मार्टिन हॅन्सन यांच्यावरही माझा राग नाही. त्यांना हात दिसला नाही. गर्दीत न दिसणं हा गुन्हा नव्हे. हेन्री तर सामन्यानंतर मैदानातच आमच्या रिचर्ड डनशेजारी जाऊन बसला, हात लागल्याचं त्याने कबूल केलं, आणि दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवणंच न्यायाचं ठरेल असंही म्हणाला. मैदानावरच्या माणसांशी माझं भांडण मिटलं. उरलंय ते तुमच्या कार्यालयाशी.

सुरुवात सामन्याच्या आधीपासूनच करावी लागते. गटांचे बहुतेक सामने उरकले होते, कोण दुसरा येणार याचा अंदाज आला होता, आणि मग सप्टेंबर २००९ च्या अखेरीस तुमच्या संस्थेने जाहीर केलं की प्ले-ऑफमध्ये, म्हणजे दुसऱ्या आलेल्या संघांच्या निर्णायक सामन्यांत, मानांकन असेल. म्हणजे फ्रान्स, पोर्तुगाल, रशिया, ग्रीस एकीकडे आणि आयर्लंड, बोस्निया, स्लोव्हेनिया, युक्रेन दुसरीकडे. मोठ्यांची गाठ मोठ्यांशी पडणार नाही याची सोय. मानांकनाला माझा विरोध नाही, विम्बल्डनलाही असतं. पण टेनिसमध्ये ते पहिल्या सर्व्हिसच्या आधी जाहीर करतात. इथे निम्मा प्रवास झाल्यावर तिकिटाचे नियम बदलले, आणि तेही पहिल्या वर्गातल्या प्रवाशांची अडचण होऊ नये म्हणून.

मग पुन्हा सामना खेळवण्याची मागणी. ती तुम्ही दोन दिवसांत फेटाळली: सामन्यातल्या घटनांबाबत रेफ्रीचा निर्णय अंतिम. ठीक. मग २००५ मध्ये उझबेकिस्तान आणि बहरीनचा पात्रता सामना पुन्हा का खेळवला? तिथे पेनल्टीच्या वेळी उझबेकिस्तानचा खेळाडू आत घुसला, म्हणून रेफ्रींनी पेनल्टी पुन्हा घ्यायला लावण्याऐवजी बहरीनला फ्री किक दिली. नियम लावण्यातली चूक वेगळी आणि डोळ्यांना न दिसलेली चूक वेगळी, असं तुमचे वकील म्हणतील. तसा फरक असू शकतो, मी मान्य करतो. पण उझबेकिस्तान तो सामना जिंकला होता, तो रद्द झाला, पुन्हा खेळवला आणि शेवटी पुढे गेलं बहरीन. रेफ्रीच्या चुकीपायी निकाल पुसता येतो हे तुम्हीच दाखवून दिलं आहे. ती रेषा नेमकी कुठे आहे, कोण आखतं, किती दिवसांत दाद मागायची, हे प्रेक्षकाला समजेल अशा भाषेत आजही कुठे एकत्र सापडत नाही.

हेन्रीवर कारवाई करण्याचा प्रश्न शिस्तपालन समितीपुढे गेला. जानेवारी २०१० मध्ये निकाल आला: हाताने चेंडू खेळणं हा रेफ्रीच्या नजरेतून सुटलेला ‘गंभीर’ गुन्हा ठरत नाही, सबब कारवाईला कायदेशीर आधार नाही. असेलही. मला हेन्रीला शिक्षा नकोच होती. पण चूक झाली असं कागदावर लिहिण्यासाठी कुणाला शिक्षा करावीच लागते का?

आणि ते हसू. ३० नोव्हेंबरला जोहान्सबर्गमध्ये तुमच्या पूर्वसुरींनी, सेप ब्लाटर यांनी, व्यासपीठावरून सांगितलं की आयर्लंडने ३३ वा संघ म्हणून आपल्याला घ्या अशी गळ घातली आहे. सभागृह हसलं. मागणी भाबडी होती, ती करायलाच नको होती असं माझंही मत आहे. पण बंद दाराआड केलेली विनंती भर सभेत किस्सा म्हणून सांगायची? नंतर त्यांनी खेद व्यक्त केला, तो त्या बोलण्याबद्दल, गोलाबद्दल नव्हे. सातच महिन्यांनी, विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा गोल मोजला गेला नाही आणि मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेसचा ऑफसाइड गोल मोजला गेला, तेव्हा मात्र याच ब्लाटर यांनी इंग्लंड आणि मेक्सिकोची जाहीर माफी मागितली. चूक तशीच, घर मोठं.

या सगळ्यात मला सर्वांत झोंबतो तो पैसा. ज्या जानेवारीत शिस्तपालन समितीने हात वर केले, त्याच जानेवारीत तुमचा आणि डब्लिनच्या संघटनेचा गुप्त करार झाला. आम्हाला तो कळायला २०१५ चा जून उजाडावा लागला. तोवर भ्रष्टाचाराच्या प्रकरणात झुरिचच्या हॉटेलातून तुमच्या पदाधिकाऱ्यांना पोलीस घेऊन गेले होते, ब्लाटर यांनी पद सोडण्याची घोषणा केली होती, आणि इथल्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख जॉन डिलेनी रेडिओवर बोलता बोलता सांगून गेले. तुमच्या निवेदनात रक्कम होती ५० लाख डॉलर, संघटनेच्या म्हणण्यानुसार ५० लाख युरो. चलनाचाही मेळ नाही. अट काय, तर आयर्लंड २०१४ च्या विश्वचषकाला पात्र ठरला तर कर्ज फेडायचं. नाही ठरला, माफ झालं. म्हणजे संघ हरला तर संघटनेचा फायदा. असा कागद कुणी कोल्हापूरच्या तालमीत वाचून दाखवला असता तर मंडळाच्या अध्यक्षाला त्याच रात्री पायउतार व्हावं लागलं असतं.

पैसे बेकायदा होते असं मी म्हणत नाही; हिशेबतपासनीसांनी पाहिले आहेत असं संघटनेने सांगितलं, मी मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की गाऱ्हाणं आमचं होतं. पदरचे पैसे मोडून पॅरिसला गेलेल्यांचं, पबात उभं राहून घसा बसवलेल्यांचं, त्या मैदानावर धावलेल्या खेळाडूंचं. ते परस्पर विकलं गेलं, विकणाऱ्याने आम्हाला विचारलं नाही आणि घेणाऱ्याने सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासण्याची सोय, आलं, असं पुन्हा होणार नाही. २०१८ च्या विश्वचषकात ते आलं, उत्तम. पण २४ मार्च २०२१ ला बेलग्रेडमध्ये आयर्लंड सर्बियाशी पात्रता सामना खेळला तेव्हा व्हीएआर कुठे होतं? ॲरन कॉनोलीला गोलक्षेत्रात पाडलं, पेनल्टी मिळाली नाही, तपासायला पडदाच नव्हता. आयर्लंड ३-२ ने हरला. तीनच दिवसांनी त्याच शहरात रोनाल्डोचा शेवटच्या क्षणीचा गोल मोजला गेला नाही, चेंडू रेषा ओलांडून गेला होता हे साऱ्या जगाने पाहिलं. पोर्तुगालवर वेळ आल्यावर गाजावाजा झाला. सप्टेंबरमध्ये फारोला आयर्लंड-पोर्तुगाल सामन्यात व्हीएआर हजर होतं, आणि त्याचं पहिलं काम होतं ते आमच्याविरुद्धची पेनल्टी तपासण्याचं! आमचा गोलरक्षक बाझुनूने रोनाल्डोची ती पेनल्टी अडवली, शेवटी रोनाल्डोनेच दोन गोल करून आम्हाला हरवलं. त्या पेनल्टीबद्दल इथे कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. पडद्यावर दिसलं, पटलं, संपलं. यंत्र आमच्या बाजूने लागावं अशी मागणी नाहीच. ते सगळ्यांसाठी एकाच वेळी लागावं.

माझी मुलगी इथल्या गल्लीतल्या क्लबात खेळते. तिथे प्रशिक्षक काका पोरांना सांगतात, हाताला लागलं तर खेळ थांबव आणि रेफ्रीला सांग. एकदा सरावानंतर तिने विचारलं, हेन्रीने सांगितलं होतं का? मी म्हटलं, सांगितलं. मग पुढे काय झालं? या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या वतीने देऊ शकत नाही.

तेव्हा मागण्या. पहिली, आणि बिनखर्चाची: अधिकृत नोंदीत त्या सामन्यापुढे ‘गालास, १०३’ एवढंच आहे. निकाल बदलू नका, गोल पुसू नका. फक्त एका वाक्यात जाहीर मान्य करा की या गोलाआधी चेंडू हाताने खेळला गेला होता आणि तो द्यायला नको होता. जी भाषा इंग्लंड आणि मेक्सिकोला वापरता आली ती आयर्लंडलाही वापरता येईल.

दुसरी: कुठल्याही खंडातल्या पात्रता स्पर्धेचं वेळापत्रक, मानांकन आणि प्ले-ऑफची पद्धत पहिला सामना सुरू होण्याआधी छापली जावी आणि मग शेवटपर्यंत तिला हात लावू नये. तिसरी: सामना पुन्हा खेळवण्याचे निकष सोप्या शब्दांत, उझबेकिस्तानचं उदाहरण देऊन, एका पानावर प्रसिद्ध करावेत. उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर तसं लिहा. आम्ही ऐकून घेऊ.

चौथीवर अडून बसणार आहे: सामन्याच्या वादातून कुठल्याही संघटनेला दिलेली रक्कम, मग तिला कर्ज म्हणा, अनुदान म्हणा, नाहीतर तडजोड, तिच्या अटींसह महिन्याभरात जाहीर झाली पाहिजे. गुप्ततेचं कलम अशा कराराला लागू नसावं. व्हीएआरबद्दल एवढंच की एका गटात आहे आणि दुसऱ्यात नाही, मार्चमध्ये नाही आणि सप्टेंबरमध्ये आहे, असा प्रकार विश्वचषकाच्या पात्रतेत चालू देऊ नये. गरीब संघटनांना खर्च झेपत नसेल तर तो तुम्ही उचला. ५० लाखांची सोय एकदा चटकन झाली होती, तेव्हा जमेल. नियम बनवणाऱ्या मंडळात तुमच्या चार मतांच्या जोडीला इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची एकेक आहे. बेलफास्टला मत आहे, डब्लिनला नाही. तेव्हा हा विषय तिथे मांडायचा तर तुम्हालाच मांडावा लागेल.

डब्लिनच्या संघटनेसाठी वेगळी ओळ. २०१९ मध्ये डब्लिनच्या ॲव्हिवा स्टेडियमवर जॉर्जियाविरुद्धच्या सामन्यात तुमच्या कारभाराच्या निषेधार्थ प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, पुढच्या जानेवारीत सरकारला तुम्हाला आर्थिक संकटातून वाचवावं लागलं. त्यानंतर तुमच्याकडे नवी माणसं आली, कारभार बराच उजेडात आला, हे मी पाहतो. त्या उजेडात २०१० चे पैसेही एकदा ठेवा: कुठल्या वर्षी, कुठल्या खात्यात, कशावर खर्च झाले. प्रेक्षकांच्या प्रतिनिधींना बोलावून दाखवा.

इन्फान्तिनोसाहेब, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, युएफाचे, सरचिटणीस झालात आणि नोव्हेंबरमध्ये हा सामना झाला. तेव्हाचा निर्णय तुमचा नव्हता, हे मला माहीत आहे. आजचं मौन मात्र तुमचं आहे. उत्तर इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, कशातही दिलंत तरी चालेल. फक्त ते जाहीर असू द्या आणि सोबत पाकीट नको.

कळावे,
आपला,
एक कोल्हापूरकर, मुक्काम डब्लिन